कानाच्या मशीनमधलं नॉइज रिडक्शन: ऐकणाऱ्याला काय जाणवतं आणि ते कसं लावून घ्यावं

कानाला मशीन लावलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा अशी असते: "आवाज येतो, पण सगळेच आवाज येतात." पंखा, मिक्सर, रस्त्यावरच्या रिक्षा, शेजारच्या घरातला टीव्ही, सगळं एकदम अंगावर येतं. मग ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन, म्हणजे गोंगाट कमी करणारी सोय, वाढवतात. घरचे विचारतात, "आता नीट कळतंय ना?" आणि उत्तर येतं, "बरं वाटतंय, पण बोलणं तेवढंच कळतंय."

या उत्तरावर विश्वास ठेवा. नॉइज रिडक्शन गोंगाट सोसायला सोपा करतं. गोंगाटातले शब्द ओळखायला त्याची मदत फार थोडी होते. या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या तर सेटिंग चांगलं जमतं. दोन्ही एकाच प्रश्नात विचारल्या तर महागातलं मशीनही महिन्याभरात डबीत जाऊन पडतं.

मशीनला गोंगाट कसा कळतो

मशीन येणारा आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत तोडतं, खर्जापासून टिपेपर्यंत. प्रत्येक पट्टीत आवाज किती वरखाली होतो ते बघतं. आपण बोलतो तेव्हा अक्षरागणिक आवाज चढतो आणि उतरतो, सेकंदाला साधारण ३ ते ६ वेळा. पंखा, एसी किंवा एसटीचं इंजिन मात्र एकसारखं घरघरत राहतं. ज्या पट्टीत चढउतार दिसत नाही तिथे गोंगाट आहे असं मशीन ठरवतं आणि त्या पट्टीचा आवाज उतरवतं. बहुतेक मशीनमध्ये ही घट जास्तीत जास्त ६ ते १२ डेसिबलच्या आसपास असते. काही मशीन हे काम क्षणात करतात, काहींना ५ ते २० सेकंद लागतात. हा वेळ लक्षात ठेवा, पुढे घरच्या चाचणीत तो लागणार आहे.

यातच मर्यादाही दिसते. पंखा आणि बोलणं एकाच पट्टीत असतील तर पट्टी उतरवताना दोन्ही खाली जातात. त्या पट्टीतलं बोलणं आणि गोंगाट यांचं प्रमाण होतं तेच राहतं. आणि लग्नाच्या हॉलमध्ये तर गोंगाट म्हणजे दुसऱ्यांचं बोलणंच. त्यालाही अक्षरागणिक चढउतार असतो, त्यामुळे मशीनला तो गोंगाट वाटतच नाही.

नॉइज रिडक्शनच्या शेजारी आणखी तीन-चार सोयी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. वाऱ्याचा फरफराट कमी करणारी सोय वेगळी. स्टीलचं भांडं पडल्यावर होणारा खणखणाट दाबणारी वेगळी. रात्री शांत खोलीत ऐकू येणारी सूं-सूं कमी करणारी वेगळी. समोरचा आवाज घेऊन मागचा कमी करणारे डायरेक्शनल माइक तर पूर्ण निराळी गोष्ट आहे, आणि शब्द कळण्यासाठी खरा फायदा त्यांचाच होतो. म्हणून ऑडिओलॉजिस्टकडे "गोंगाट कमी करा" एवढंच सांगू नका. कोणता आवाज, कुठे आणि केव्हा, हे सांगा.

बिघडलेल्या कानाला गोंगाट इतका जड का जातो

आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगांतल्या पेशी हलके आवाज वाढवतात आणि जवळजवळचे सूर वेगळे ठेवतात. वयामुळे किंवा कारखान्यातल्या आवाजामुळे आधी बहुधा त्याच खराब होतात. मग कानाची चाळणी मोठ्या भोकांची होते. शेजारच्या सुरातला गोंगाट शब्दावर सांडतो. मशीन आवाज मोठा करू शकतं, ही चाळणी पुन्हा बारीक करू शकत नाही. म्हणूनच चांगल्या कानाचा माणूस ज्या गलक्यात आरामात गप्पा मारतो, तिथे कमी ऐकू येणाऱ्याला बोलणं गोंगाटापेक्षा कित्येक डेसिबलने वर असावं लागतं.

त्यात दुसरी अडचण अशी की हलका आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र चांगल्या कानाइतकाच, कधी जास्तच बोचतो. दोन्हींमधली जागा अरुंद होऊन बसते. "मोठ्याने बोला" म्हणणारे आजोबा पुढच्याच वाक्याला "ओरडू नका" म्हणतात, ते हट्टाने नव्हे. त्यांच्या कानात या दोन टोकांमध्ये जागाच थोडी उरली आहे.

ऐकणाऱ्यांनी काय सांगितलं आहे

आम्स्टरडॅममध्ये इंगे ब्रॉन्स, रॉल्फ हौबेन आणि वाउटर ड्रेश्लर यांनी २०१३ आणि २०१४ साली वेगवेगळ्या मशीनमधलं नॉइज रिडक्शन रेकॉर्ड करून लोकांना ऐकवलं, आधी चांगल्या कानाच्यांना आणि मग कमी ऐकू येणाऱ्यांना. एका मशीनचं नॉइज रिडक्शन दुसऱ्यासारखं नसतं, हे त्यातून स्पष्ट दिसलं. गोंगाटाचा त्रास कमी होणं, बोलणं नैसर्गिक वाटणं आणि शब्द कळणं या गोष्टी एकमेकींबरोबर चालत नाहीत. याच गटाच्या आणखी एका अभ्यासात असंही आढळलं की नॉइज रिडक्शनमुळे आवाजाचा जो बिघाड होतो, तो कमी ऐकू येणाऱ्यांना चांगल्या कानाच्यांपेक्षा कमी जाणवतो. म्हणून घरातल्या तरुणाने मशीन स्वतःच्या कानाला लावून "किती विचित्र आवाज येतो!" असं म्हटलं, तर त्यावरून सेटिंग बदलायला जाऊ नका. ज्याचं मशीन, त्याचाच कान प्रमाण.

थकव्याची बाजूही आहे. गोंगाटात ऐकताना डोकं शब्द जुळवण्यात गुंतलेलं असतं, मग ऐकलेलं लक्षात ठेवायला ताकद उरत नाही. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग इथे मशीन वापरणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात नॉइज रिडक्शन चालू असताना ऐकलेले शब्द जास्त आठवले. हा फायदा मुख्यतः ज्यांची तात्पुरती स्मरणशक्ती चांगली होती त्यांना झाला. रोजच्या व्यवहारात हे असं दिसतं: शब्द तेवढेच कळले, पण संध्याकाळी डोकं दुखलं नाही आणि सून काय म्हणाली ते आठवलं. हा फायदा खरा आहे. फक्त तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आणि माणसामाणसांत फरक मोठा असतो. कोणाला गोंगाट अजिबात सहन होत नाही, त्यासाठी आवाज थोडा बिघडला तरी चालतो. कोणाला उलट गोंगाट चालतो, पण बोलणं बदललेलं खपत नाही. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, सारखाच असला तरी माणूस कोणत्या बाजूचा आहे ते त्यावरून कळत नाही.

ते कळण्याची एक सोपी तपासणी आहे. श्रवणसंशोधक अॅना नॅबेलेक यांच्या गटाने १९९१ मध्ये ती मांडली. गोष्ट ऐकवायची आणि सगळ्यात आरामाची पातळी शोधायची, समजा ६० डेसिबल. मग मागे गोंगाट वाढवत न्यायचा आणि गोष्ट ऐकत असताना जास्तीत जास्त किती चालेल ते विचारायचं, समजा ५२. फरक ८. हा फरक ७ किंवा कमी असलेले लोक बहुधा मशीन नियमित वापरतात, १३ किंवा जास्त असलेले बहुधा सोडून देतात. २००६ च्या एका अभ्यासात नॉइज रिडक्शन चालू केल्यावर हा फरक सरासरी ४.२ डेसिबलने कमी झाला. ज्याचा फरक मोठा आहे त्याच्यासाठी नॉइज रिडक्शन चैनीची गोष्ट राहत नाही, मशीन कानावर टिकणार की नाही ते त्यावर ठरतं.

क्लिनिकमध्ये काय करून घ्यायचं

आधी मशीनची मूळ वाढ, म्हणजे कोणत्या पट्टीत आवाज किती मोठा करायचा ते, बरोबर बसवून घ्या. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतो ते मोजतात, त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ही सोय असेल तिथे ती मागाच. मोजताना बोलण्यासारखा चाचणी आवाज वापरावा, नाहीतर नॉइज रिडक्शन बंद ठेवावं. सलग सूर वाजवला तर मशीन त्याला गोंगाट समजून दाबतं आणि मोजमाप चुकतं. मूळ वाढच चुकीची असेल तर पुढचं सगळं वाया जातं. टिपेची पट्टी गरजेपेक्षा जास्त वाढवलेली असेल तर ताटांचा आवाज टोचणारच, आणि ते दुखणं नॉइज रिडक्शनने बरं होत नाही.

मग डोम, म्हणजे कानात बसणारं मऊ टोपण, बघा. कान उघडा ठेवणारा, भोकं असलेला डोम असेल तर पंख्याची आणि गाडीची घरघर मशीनला वळसा घालून थेट कानात शिरते. आत मशीनने काहीही कमी केलं तरी बाहेरून येणारं तसंच राहतं. "नॉइज रिडक्शन फुल केलं तरी पंखा ऐकू येतोच" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. बंद डोम किंवा कानाच्या मापाने बनवलेला मोल्ड लावला तर फरक पडतो, पण मग स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमू शकतो. खर्जात कान चांगला असलेल्याने उघडा डोम ठेवून पंखा मान्य करावा, हे आमचं मत. ज्याची खर्जातली श्रवणशक्तीही गेली आहे त्याने बंद डोम घ्यावा.

पहिल्या दिवशी नॉइज रिडक्शन मध्यम ठेवावं. काही ठिकाणी गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ते सुरुवातीलाच पूर्ण चढवतात. दुकानातल्या एसीत ते छान वाटतं, घरी जेवताना शब्द तुटतात. शिवाय वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज, म्हणजे चपलांची फटफट, वर्तमानपत्राची सळसळ, नळाची धार, मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे लागतात. ते सगळे दाबून टाकले तर ओळख व्हायची कधी?

शेवटी घरच्या चाचणीसाठी ऑडिओलॉजिस्टना दोन प्रोग्रॅम, म्हणजे मशीनमध्ये साठवलेली दोन सेटिंग, करून मागा. एकात नॉइज रिडक्शन बंद, दुसऱ्यात जोरात. बाकी सगळं, विशेषतः माइकची दिशा, दोन्हींत अगदी सारखं. हे आग्रहाने सांगा. नाहीतर घरी जो फरक जाणवेल तो कशामुळे, हे कळणार नाही. प्रोग्रॅम बदलताना पहिल्यासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दोन "टिट" वाजतात, तेही चाचणीपुरते बंद करून घ्या.

घरची चाचणी

दोन माणसं, एक वही, अर्धा तास. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्यापासून एक मीटरवर बसावं आणि नेहमीच्या आवाजात बोलावं. गोंगाटही त्याच बाजूने यावा, म्हणजे टेबलफॅन बोलणाऱ्याच्या शेजारी ठेवावा. ऐकणाऱ्याने ओठ बघू नयेत, नजर वहीत ठेवावी. प्रोग्रॅम बोलणाऱ्याने मोबाइलवरून बदलावा आणि कोणता लावला ते सांगू नये. बदलल्यावर २० सेकंद थांबावं, कारण मशीनला स्थिरावायला तेवढा वेळ लागू शकतो.

बोलायचं काय? जिथे मराठी कान फसतो असे जोड-शब्द घ्या: सात–साठ, ताट–ताठ, पाट–पाठ, पळ–फळ, काल–खाल. या जोड्यांमधला फरक हलक्या व्यंजनात असतो. श्वासाचा जो पुसटसा झोत ताटाचं ताठ करतो, तोच जोरकस नॉइज रिडक्शनमध्ये आधी हरवतो. प्रत्येक वेळी दहा शब्द, क्रम बदलून, लिहून घ्यायला सांगायचे. त्यानंतर दोन मिनिटं साधं बोलणं. मग चार प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण: गोंगाटाचा त्रास किती? बोलणं किती स्पष्ट? आवाज किती खरा वाटला? ऐकायला किती जोर लावावा लागला?

मग एकेका वाक्यानंतर प्रोग्रॅम बदलून "पहिलं की दुसरं?" असं सहा वेळा विचारा, दर वेळी क्रम उलटसुलट करून. सहाही वेळा एकच प्रोग्रॅम निवडला गेला तर आवड खरी आहे. नुसत्या योगायोगाने असं होण्याची शक्यता ३२ मध्ये १ असते. तीन-तीन अशी वाटणी झाली तर त्या गोंगाटात या माणसाला फरक जाणवत नाही, सेटिंगसाठी भांडत बसू नये.

दुसऱ्या दिवशी पंख्याऐवजी मोबाइलवर बाजारातला गलका लावून हीच चाचणी पुन्हा करा. पंख्यात ठळक दिसलेला फरक गलक्यात पुसट होईल. तसा झाला तर मशीन बिघडलेलं नाही. गलका बोलण्यासारखाच वरखाली होतो, म्हणून असं होतं.

निकाल असा वाचा. त्रास आणि जोर कमी झाले, शब्द तेवढेच राहिले, तर नॉइज रिडक्शन चालू ठेवा. शब्द दहात दोन-तीनने घटले, तर एक पायरी खाली आणा. शब्द वाढले तर आनंदच आहे, पण आधी माइकची दिशा बदललेली नाही ना, ते तपासा.

तक्रारीवरून कारण शोधताना

"सगळं दबल्यासारखं वाटतं." पंखा बंद करून वीस सेकंद थांबा. बोलणं मोकळं झालं तर नॉइज रिडक्शन जास्त आहे. मोकळं झालं नाही आणि फक्त स्वतःचाच आवाज घुमत असेल, तर कान जास्त बंद झाला आहे, डोम बघा.

"बोलणं थांबलं की पंखा मोठा होतो, बोललं की लहान." यात नॉइज रिडक्शनची चूक कमी आणि कॉम्प्रेशनची जास्त. हलका आवाज वाढवण्याचं काम कॉम्प्रेशन करतं, आणि शब्दांमधल्या फटीत हलका आवाज म्हणजे पंखाच. एक हात दाबतो, दुसरा वर उचलतो. कॉम्प्रेशनचा सुटण्याचा वेळ (रिलीज टाइम), म्हणजे मोठा आवाज थांबल्यावर वाढ पुन्हा चढायला लागणारा वेळ, लांबवला की हे बरंच शांत होतं. ऑडिओलॉजिस्टना नेमके हेच शब्द सांगा.

"पाण्याखालून बोलल्यासारखं, बुडबुड येते." वेगवान नॉइज रिडक्शन फार जोरात लागल्याची ही खूण आहे. पायरी खाली आणा.

"तानपुरा विरून जातो, हार्मोनियमचा सूर थरथरतो." तानपुरा सलग आणि एकसारखा वाजतो, म्हणून मशीनच्या हिशेबात तो पंख्याचा भाऊ. थरथर मात्र मशीनची स्वतःची शिट्टी रोखणाऱ्या सोयीमुळे येते, लांबवलेला सूर तिला शिट्टी वाटते. गाणं ऐकणाऱ्याला वेगळा संगीत प्रोग्रॅम हवाच: नॉइज रिडक्शन बंद, माइक सर्व दिशांना उघडे, शिट्टी रोखणं सगळ्यात सौम्य. भजनाला जाणाऱ्या माणसाकडे हा प्रोग्रॅम नसणं ही सेटिंग करणाऱ्याची चूक आहे.

"कुकरची शिट्टी डोक्यात जाते." इथे जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा खाली आणायची, नॉइज रिडक्शनला हात लावायचा नाही.

"आधी चांगलं होतं, आता गोंगाट वाढला." सेटिंग बदलण्याआधी माइकची दोन बारीक भोकं भिंगातून बघा. घाम, पावडर, केसांचं तेल यांनी एक भोक बुजलं की डायरेक्शनल माइक कामातून जातो आणि मागचं सगळं पुढे येतं. कोरड्या ब्रशने, मशीन उलटं धरून झाडा, टाचणी घालू नका. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेल असलेल्या डबीत ठेवा, साध्या बॅटरीचं असेल तर बॅटरीचं दार उघडून. मात्र एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, कान वाहू लागला किंवा चक्कर आली तर मशीनमध्ये वेळ न घालवता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

हॉल, हॉटेल, लोकल

गलक्यात शब्द कळायला हवे असतील तर अंतर कमी करा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की बोलणाऱ्याचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. दोन मीटरवरच्या माणसाच्या कॉलरला वायरलेस माइक लावला आणि तो तोंडापासून २० सेंटिमीटरवर आला, तर हिशेबाने २० डेसिबलचा फायदा. एवढं कोणतंही नॉइज रिडक्शन देत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर मशीनची वरची श्रेणी घेण्याआधी असा माइक वापरून बघा. हॉटेलात भिंतीकडे पाठ करून बसा, म्हणजे गोंगाट मागून येणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल टाळा. लोकल आणि एसटीत गप्पा नसतील तेव्हा नॉइज रिडक्शन पूर्ण चढवलं तरी हरकत नाही. रस्ता ओलांडताना मात्र फक्त समोरचं ऐकणारा प्रोग्रॅम नको, मागून येणारा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

गेल्या काही वर्षांत बोलणं आणि गोंगाट यांच्या असंख्य नमुन्यांवर शिकवलेली मशीन आली आहेत. ऑटिकॉन कंपनीचं मोअर हे मशीन २०२१ च्या सुमाराला आलं. फोनाक कंपनीचं स्फिअर २०२४ मध्ये, या कामासाठी वेगळी चिप घेऊन. चढउतारावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा ही पद्धत बोलणं वेगळं काढण्यात पुढे आहे. पण वेगळ्या चिपचं जड काम बॅटरी लवकर खातं, आणि उघड्या डोममधून शिरणारी घरघर याही मशीनला वळसा घालतेच. वरची चाचणी यांनाही तशीच लावा. जाहिरातीतला आवाज हेडफोनवरचा असतो, तुमच्या कानातला नसतो.

सेटिंग मनासारखं जमलं की ऑडिओलॉजिस्टकडून प्रत्येक प्रोग्रॅमची नॉइज रिडक्शनची पायरी, माइकची दिशा, डोमचा प्रकार आणि माप, आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची मर्यादा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मशीनच्या डबीत ठेवा. दुरुस्तीहून परत आलेल्या मशीनमध्ये कधी कधी कंपनीचं मूळ सेटिंग असतं, आणि कागद नसेल तर सगळं पंख्यापासून पुन्हा सुरू करावं लागतं.